फोटोतल्या त्या ग्लासबद्दल

तिबिलिसी (जॉर्जिया), २५ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

माझी तब्येत ठणठणीत आहे, थंडी वाढलीय पण हीटर आहे, जेवणही वेळेवर होतं, त्यामुळे तो विषय इथेच संपला. ताईने माझा फोटो दाखवला आणि हातातला लाल वाइनचा ग्लास बघून आई गप्पच झाली असं कळलं, म्हणून सगळं नीट सांगते.

२३ तारखेला इकडे गिओर्गोबाची, म्हणजे संत जॉर्जच्या सणाची सुट्टी असते. घरमालक काका-काकू काखेतीला, म्हणजे इथल्या वाइनच्या भागात, त्यांच्या गावी निघाले होते, मलाही सोबत नेलं. तिकडे घरोघरी स्वतःची वाइन करतात. वाइनची वेगळी खोली असते, मारानी म्हणतात तिला, तिथे जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले मोठे मातीचे रांजण असतात, क्वेव्री. ही पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतलीय, तेव्हा बाबा, कृपा करून गुत्ता डोळ्यासमोर आणू नका.

द्राक्षं सापेरावी जातीची, त्यांचा गरसुद्धा लाल असतो. ऑक्टोबरात भरलेला रस आता तयार झाला का हे ठरवायचं होतं आणि त्यावर अख्खं घर तासभर बोलत होतं, मला तर कौतुकच वाटलं. गोड लागली म्हणजे कच्ची असं सरळ नसतं. नव्या वाइनला फळाचा वास इतका असतो की साखर नसली तरी जीभ गोड म्हणते, आणि सापेरावी मुळात आंबट, त्यामुळे थोडी साखर उरलेली असली तरी ती आंबटपणात लपून जाते. काकांनी मला नाक दाबून एक घोट घ्यायला लावला. वास गेला की गोडी पण गेली, नुसता आंबटपणा आणि हिरड्यांवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. नाक दाबूनही गोड लागलं असतं तर ती खरी साखर. जिभेला बारीक चुणचुण होत होती, तो आत अडकलेला गॅस.

त्यांच्या मुलाचा जिभेवर भरवसा नाही, त्याच्याकडे हायड्रोमीटर आहे. बाबा, डेअरीत दुधाला लॅक्टोमीटर लावतात ना तसाच. आधी वाइन हलवून गॅस काढायचा, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून ती वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. पाण्याची घनता १ धरली तर सुरुवातीला रस १.०९० च्या आसपास असतो, साखर संपली की १ च्याही खाली येतो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. आमचा आला ०.९९६. पण एकदा बघून भागत नाही, काही दिवसांनी परत तोच आकडा आला तरच आंबणं संपलं म्हणायचं. कधीकधी थंडीने यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव, नुसतं झोपतं, साखर तशीच राहते, अशी वाइन बाटलीत भरली तर उन्हाळ्यात परत आंबायला लागते आणि बाटल्या फुटतात. किंदझमराउली नावाची इथली गोडसर वाइन असते तिच्यात मात्र मुद्दाम गार करून साखर राखतात.

आणि साखर संपली म्हणजे वाइन पिण्याजोगी झाली असंही नाही, तुरटपणा बसायला वेळ लागतो. काका म्हणाले वसंतापर्यंत थांबायचं. म्हणजे आई, पिण्यासारखं तिथे काही नव्हतंच गं, मी चाखून बघितली एवढंच. ज्या घरात मला मुलीसारखं जेवायला वाढतात तिथे नाही म्हणवत नाही.

बरं, ताईच्या साखरपुड्याची तारीख कळली. माझी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आहे, पुढे ढकलता येत नाही, मी ऑफिसात दोनदा विचारलं. मुलाकडच्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, पण मला यायचं नव्हतं असं कुणाला वाटायला नको. फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळालीय, त्यामुळे जानेवारीत अर्धीच पाठवा, उरलेले पैसे ताईसाठी वापरा, तिच्या साडीत काटकसर करू नका. इकडचं घड्याळ तुमच्या दीड तास मागे आहे, मुहूर्त कितीही लवकरचा असला तरी मी उठून बसेन, फक्त फोन स्टेजजवळ कुणाच्या तरी हातात द्या.

आजीला सांगा, औषध चुकवायचं नाही.

तुमची,
छोटी