उपग्रहाला डंपर दिसतो का?

महोदय,

पुण्यातल्या मुठा नदीचे पात्र कसे आक्रसत गेले ते उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखवणारा कालच्या अंकातला लेख वाचला. मेहनतीने लिहिला आहे, लेखकाचे अभिनंदन. पण लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची 1972 पासूनची छायाचित्रे 2008 पासून फुकट मिळतात. म्हणजे नदी अरुंद होतेय हे कळायला कुणाला दमडी खर्चावी लागत नव्हती. मग अडले कुठे?

कुठे ते मी सांगतो. आमची सोसायटी विठ्ठलवाडीच्या पुढे, नदीच्या अंगाला. गेल्या उन्हाळ्यात मागच्या बाजूला रात्री डंपर यायचे, दिवे बंद करून. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, कुणाच्या तरी जुन्या संडासाचे भांडे, सगळे पात्रात. सकाळी जेसीबी येऊन त्यावर माती ओढून सपाट करून जायचा. मी गच्चीवरून फोटो काढले. हल्ली फोनमध्ये सोय केली की फोटोवर अक्षांश-रेखांश उमटतात. ते छापून एका कार्यालयात नेले. साहेबांनी संगणकावर नकाशा उघडला, बोट ठेवले आणि म्हणाले, "काका, ही जागा नदीत येते. नदी आमच्याकडे नाही." नदी ज्यांच्याकडे, तिथे गेलो. त्यांनी ताजे छायाचित्र काढून दाखवले, "इथे तर जमीन दिसतेय. जमीन आमच्याकडे नसते." घ्या! राडारोडा टाकणाऱ्याचे काम नकाशानेच पक्के केले.

लेखात हे कुठेच नाही. उपग्रह पाण्याचा पसारा बघतो, भरावाने तळ किती वर आला ते त्याला कळत नाही. त्यासाठी पात्रात उतरून आडवे छेदच, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळाची उंची, मोजावे लागतात. जलपर्णी माजली की संगणक तिला हिरवळ समजतो. लँडसॅटच्या छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर, त्यात आमची उन्हाळ्यातली मुठा कितीशी दिसणार? युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचा 10 मीटरचा आहे, तो बरा. पण पावसाळ्यात ढग आले की त्याचा कॅमेराही आंधळा. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडले आणि आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरे बुडाली, तेव्हा आभाळ कसे होते ते आठवून बघा. ढगांतून बघणारे रडारचे उपग्रह आहेत, मान्य, पण ते काही रोज पुण्यावर घिरट्या घालत नाहीत. आमच्या वॉचमनला मात्र डंपर ढगातही दिसतात आणि अंधारातही. त्याला कुणी विचारत नाही.

आणि हो, लेखासोबतचा नकाशा तुम्ही काळ्या-पांढऱ्यात छापलात! 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, दोन्ही करड्या. आमची इमारत कुठल्या रेषेच्या आत ते शोधता शोधता डोळे दुखले. पान उलटले तर 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅटची पानभर जाहिरात, तीही रंगीत. तोच नकाशा रविवारच्या पुरवणीत रंगीत छापावा ही विनंती.

— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे