खिडकी उघडी असली तरी मी स्वेटर घालते

लाइपझिग, १८ जानेवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोकला गेला. डिंकाचे लाडू पोचले; चार फुटले होते, तेच आधी खाल्ले. ऑफिसचं नेहमीचंच, ते लिहीत नाही.

आई, खोकला कपडे कमी घातल्याने झाला नव्हता. इथे बाहेर उणे ५ असलं तरी लोक हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतात. दिवसातून दोन-तीनदा. त्याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. घरं इतकी घट्ट बांधलेली की आंघोळीची, स्वयंपाकाची, अगदी श्वासाचीही वाफ आतच कोंडते, गार भिंतीला पाणी सुटतं आणि बुरशी धरते. खिडकी नुसती किलकिली ठेवून भागत नाही, भिंती गार पडतात. माझ्या भाडेकरारात हे चक्क लिहिलंय, बाबा, फोटो पाठवते. आपल्या धायरीच्या घरात वाऱ्याला कुणी वेळापत्रक लावून दिलं नव्हतं.

शनिवारी निर्वासितांना जर्मन शिकवायला मदत म्हणून जाते ना, त्या वर्गातही बाई तेच करतात. पहिल्या दिवशी एका अफगाण आजींना वाटलं, गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा चाललीय.

हो, तुम्हाला पटत नाही त्याच वर्गात मी जाते. निर्वासित म्हणजे कुणी वेगळी माणसं नसतात गं. आणि बाबा, 'एआय शिकवतं तर तुझं तिथे काय काम?' याचं उत्तर देते. सरकारी कोर्समध्ये भाषेचे ६०० तास असतात, पण वीस जणांत एकेकाच्या वाट्याला बोलायला किती येणार? या आजी नातवासमोर चुकायला लाजतात. रात्री अकराला फोनमधल्या एआयसमोर मात्र एकच वाक्य चाळीसदा म्हणतात. तो कंटाळत नाही, हसत नाही. एवढं त्याचं खरंच मोठं काम आहे.

पण त्याचा शहाणपणा नडतो. आजी 'काल डॉक्टर मी जाणे' असं काहीतरी म्हणतात. फोनने शुद्ध जर्मन इतकी ऐकलेली असते की पुढचा शब्द तो अंदाजाने भरतो, पूर्ण बरोबर वाक्य लिहितो आणि वर हिरवी खूण देतो. दवाखान्यात खिडकीपलीकडच्या बाईला कुठे हिरवी खूण येते? शिवाय आजींची भाषा दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, आणि हा भाषांतर करतो इराणी फारसीत. हॉस्पिटलला 'बीमारिस्तान' म्हणतो. त्या म्हणतात 'शफाखाना'. (त्यांच्याकडे दवाखाना म्हणजे औषधाचं दुकान!) म्हणून शेजारी बसून त्या खरंच काय बोलल्या ते ऐकायला माणूस लागतो.

दरीत लिंगच नाही, 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द. इथे चमचा तो, काटा ती, सुरी ते. आजी वैतागल्या. मी म्हटलं, आमच्याकडेही तो भात, ती भाजी, ते वरण. कारण विचारायचं नाही, जेवायचं. बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवनात जर्मन शिकताना मला हे सोपं गेलं ते मराठीमुळे, आणि तुम्ही भरलेल्या फीमुळे, बाबा.

या महिन्यात ४०० युरो पाठवलेत, ५०० नाहीत. शनिवारचे पैसे मिळत नाहीत हे खरं, पण त्याचा इथे संबंध नाही. हीटिंगचं वर्षाचं बिल आलं. दादाला सांगा, हप्त्यात कमी पडलं तर फेब्रुवारीत भरून काढते.

नाशिकच्या मुलाचा फोटो पाहिला. चांगला दिसतो. फोनवर बोलेन, पण 'कायमची कधी येणार' हे त्याच्या आईने पहिल्याच फोनला विचारू नये एवढं बघ.

बाबा, मोतीबिंदूला तुम्हाला आत नेलं तेव्हा मी आजींकडून 'माझ्यासोबत माझी मुलगी आली आहे' हे वाक्य घोटून घेत होते. दादाचे तीन मिसकॉल नंतर पाहिले. असो. थेंब वेळेवर घाला, वाकून चपला शोधू नका.

लाडू पुढच्या वेळी थोडे कमी पाठव, आई. किंवा नको, तेवढेच पाठव.

तुमची,
धाकटी