सैन्यभरतीचं भाषण नको, माहिती द्या

पहाटे बीड-परळी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं दिसली की कौतुक वाटतं. पण शाळेने त्यांना काय सांगितलेलं असतं? २६ जानेवारीचं भाषण! अग्निवीर म्हणून भरती झालेल्या जवानाची नोकरी ४ वर्षांची, पुढे फार तर २५ टक्के कायम, बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी, पेन्शन नाही, हे फळ्यावर कुणी लिहीत नाही. संभाजीनगरच्या ‘एसपीआय’ या सरकारी संस्थेत १९७७पासून एनडीएची, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेतात, तेही खेड्यात अनेकांना ठाऊक नसतं. गावातल्या माजी सैनिकाला वर्गात बोलवा. पगार, रजा, सीमेवरची थंडी, घरच्यांची ओढाताण, पोरांना सगळं विचारू द्या. ज्याला जायचं नाही त्याला भित्रा ठरवू नका. आणि मुलींनाही पुढे बसवा. एनडीएत त्या २०२२पासून आहेत.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई