संगमरवर नव्हे, रंगवलेला चुनखडक

महोदय,

रविवार पुरवणीतील पोर्तुगीज कलेवरच्या लेखात पोर्तुगालमधल्या कुइंब्रा शहरातली, चौदाव्या शतकातल्या पोर्तुगीज राणी इझाबेलची समाधी 'शुभ्र संगमरवरात' घडवल्याचे म्हटले आहे. ती संगमरवराची नाही आणि शुभ्र तर नाहीच. कुइंब्राजवळच्या आन्सां गावचा तो चुनखडक. ती घडवणाऱ्या शिल्पकार मेश्त्र (म्हणजे उस्ताद) पेरोचे सारे कसब या दगडावर पोसलेले, म्हणून चूक किरकोळ मानवत नाही. (आपला 'मिस्त्री' याच 'मेश्त्र'चा.)

पेरो बहुधा आजच्या स्पेनमधल्या आरागॉन राज्याकडून आलेला. राणीही तिथलीच राजकन्या. १३३४ मध्ये ब्रागाचे आर्चबिशप गोन्सालु परैरा यांच्या समाधीचा करार झाला, तो पेरो आणि लिस्बनचा तेलु गार्सिया या दोघांशी. ब्रागा ग्रॅनाइटचा मुलूख, तरी समाधी चुनखडकाचीच. ग्रॅनाइटमध्ये पापणी, नख, वस्त्राची बारीक चुणी काढायला कारागिराचा जीव जातो. आन्सांचा दगड बारीक कणांचा, आणि खाणीतून नुकता काढलेला ओला असताना इतका मऊ की सुरीनेही कापला जातो. वाळताना आतले पाणी चुना घेऊन बाहेर येते आणि वर किंचित कठीण साल धरते. त्यामुळे करवत, छिन्नी आणि लाकडी मोगरीचे मुख्य काम दगड ओला असतानाच उरकलेले बरे, कानस शेवटी.

राणीच्या समाधीवर हे दिसते. झाकणावरची राणी क्लारा पंथाच्या नन्सच्या साध्या वेशात आहे, डोक्यावर मात्र मुकुट. अंगाशी यात्रेकरूची झोळी आणि झोळीवर शिंपला: १३२५ मध्ये ती स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थाच्या यात्रेला गेली होती, त्याची ही खूण. पेटीच्या एका अंगाला कमानींखाली नन्स उभ्या, दुसऱ्या अंगाला प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य. यातले बरेच काही आज ओळखू येते ते रंगांमुळे. अशा कामात सहसा दगडावर आधी सरस किंवा तेलाचा हात देत, म्हणजे तो रंग पिऊन टाकत नाही. मग पांढरा थर, त्यावर रंग, शेवटी सोन्याचा वर्ख. नुसत्या दगडावर काम संपले असे पेरोच्या काळी कुणी मानले नसते.

या दगडाची खोड अशी की त्यात पाव भाग किंवा थोडी अधिक पोकळीच असते. घनमीटरचे वजन दोन टनांच्या आसपास, संगमरवराचे २.७ टन. पाणी खालून चढते, क्षार सोबत आणते आणि पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात; मग पापुद्रा फुगतो, दगड पिठासारखा झडतो. १३३१ मध्ये मोन्देगु नदीचा पूर सान्ता क्लारा मठाच्या चर्चमध्ये शिरला, तेव्हा राणीने तिथली आपली, हयातीतच घडवून घेतलेली समाधी उंचावर हलवली. तिला दगडाचे शास्त्र ठाऊक असो वा नसो, निर्णय अचूक होता. अखेर १६७७ मध्ये पुराला कंटाळून नन्सनी मठच सोडला आणि टेकडीवरच्या नव्या मठात गेल्या. समाधी आता तिथेच आहे.

'संगमरवर' म्हटले की पाण्याने धुवा, घासा, वर जलरोधक लेप द्या, असे सुचते. इथे तिन्ही घातक. धुण्याने रंग जातात, लेपाने क्षार आत कोंडतात आणि लेप दगडाची साल घेऊनच सुटतो. धूळ मऊ कुंचल्याने कोरडीच काढायची. क्षार काढायचे तर रंग नसलेल्या जागी कागदाच्या लगद्याचे पोटीस शुद्ध पाण्यात भिजवून लावायचे, पूर्ण वाळले की उचलायचे आणि गरजेप्रमाणे पुन्हा लावायचे. ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या जांभ्यावरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून भिंती पाऊस पितात. दगड वेगळा, खोड तीच.

ओळखण्यासाठी लिंबू पिळून पाहू नये. दोन्ही दगड कॅल्साइट या एकाच खनिजाचे, दोन्ही फेसाळतात, आणि डाग राहतो. संगमरवराचे ताजे तुटलेले कण साखरेसारखे चमकतात आणि त्याला झिलई चढते. आन्सांचा दगड मंदच राहतो.

पुढच्या वेळी छायाचित्राखाली 'रंगवलेला चुनखडक' एवढे दोन शब्द छापावेत.

– दगडी शिल्पांच्या जतनाचे काम करणारे दोघे, पणजी