लाल म्हणजे निवत चाललेला

महोदय,

रविवारच्या पुरवणीत सूर्याच्या भवितव्यावर लेख आला आहे. त्यातलं 'सूर्य तापून तापून लालबुंद होईल आणि शेवटी त्याचा स्फोट होईल' हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा निवला. भोसरीच्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं भट्टीवर काढली आहेत, म्हणून लिहितो.

पायरोमीटर, म्हणजे तापमान मोजायचं यंत्र, बिघडला की आम्ही वितळलेल्या धातूच्या रसाचा रंग बघायचो. लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला रस पिवळा-पांढरा असेल तर ओतायचा. तांबडा पडला की साचा अर्धवट भरणार, माल रिजेक्ट. ताऱ्यांचंही तसंच. सूर्याचा पृष्ठभाग आज सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. अजून साधारण ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन, म्हणजे त्याचं इंधन, संपला की गाभा आकसून आणखी तापेल, पण बाहेरचं आवरण फुगून पसरेल आणि पसरल्यामुळे निवेल. म्हणून तो तांबडा दिसेल. रोहिणीचा तारा आज तसाच फुगलेला आहे, बघून घ्या.

स्फोट तर नाहीच. त्याला सूर्याच्या निदान आठपट वस्तुमान लागतं. आपला सूर्य आवरणं अवकाशात सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा श्वेतबटू, म्हणजे नुसता उघडा गाभा, उरेल, भट्टी बंद केल्यावर हळूहळू निवत राहणारा. अर्थात आपली पंचाईत त्याच्या कितीतरी आधी होणार. सूर्य दर १०० कोटी वर्षांनी साधारण दहा टक्के प्रखर होतो. समुद्र आटायला तो लाल व्हायची वाट बघणार नाहीत.

ताऱ्यांचा जन्म मात्र लेखात 'धुळीपासून' एवढ्या एका शब्दात उरकलाय. धूळ शंभरात एखादा भाग, बाकी बहुतेक हायड्रोजन. आणि ज्या ढगातून तारा जन्मतो तो थंडगार लागतो, शून्याखाली २६० अंशांच्या आसपास. गरम वायू स्वतःच्या वजनाने कोसळत नाही, दाब धरून उभा राहतो. भट्टी पेटायला आधी एवढी थंडी लागते, हे मला निवृत्तीनंतर कळलं!

दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

धनकवडीतल्या आमच्या गच्चीवरून दिव्यांच्या उजेडात काही धड दिसत नाही. गेल्या जानेवारीत नातीला नारायणगावजवळच्या शेतात नेलं आणि मृग नक्षत्राच्या बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, दुर्बिणीतून दाखवला. तिथे आजही तारे जन्मताहेत. ती म्हणाली, "आजोबा, काचेवर डाग आहे, पुसा ना." पुसून दिली. डाग तिथेच.

— एक निवृत्त फौंड्री कामगार, धनकवडी, पुणे