एबू व्हेलहून काकांना: खाण गेल्यावर मागे काय राहतं

एबू व्हेल, वेल्स

तीर्थरूप काका आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

खाण बंद झाली की गावाचं काय होतं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही आयुष्य खाणीत काढलंत, तेव्हा ओबी (कोळशावरची दगडमाती काढून रचलेला ढीग) म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

हे गाव दरीतलं. दरी उत्तर-दक्षिण पसरलेली, तळाशी नदी, तिच्या कडेने रेल्वे आणि दोन्ही उतारांवर घरांच्या लांबच लांब रांगा. गावाला लांबी आहे, रुंदी नाही. कारण तळाची सपाट जागा सगळी कारखान्याने घेतली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे लोखंडाची भट्टी पेटली, १९३८ साली ब्रिटनमधली पहिली सलग हॉट स्ट्रिप मिल (तापलेल्या पोलादाचे लांब पत्रे लाटणारी गिरणी) इथेच सुरू झाली आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्याच. सत्तरच्या दशकात भट्ट्या विझल्या, १९८९ मध्ये मरीन कोलियरी ही कोळशाची खाण बंद झाली आणि उरलेलं टिनप्लेटचं (कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं) काम २००२ मध्ये संपलं.

कारखान्याच्या जागेवर आता शाळा, कॉलेज आणि हॉस्पिटल आहे. हॉस्पिटलला इथले जुने खासदार अन्यूरिन बेव्हन यांचं नाव दिलंय. शेजारच्या ट्रेडेगर गावात खाणकामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडी रक्कम कापून सगळ्या कुटुंबांना डॉक्टर मिळायचा. बेव्हन आरोग्यमंत्री झाल्यावर तीच पद्धत डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ५ जुलै १९४८ पासून देशभर सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. पुढे या दऱ्यांमधले कित्येक दवाखाने भारतातून आलेल्या डॉक्टरांनीच चालवले.

प्रवासी गाडी १९६२ मध्ये बंद झाली होती, ती २००८ मध्ये परत आली आणि २०१५ मध्ये थेट गावात पोचली. कार्डिफ साधारण तासाभरावर आहे. मार्गाचा काही भाग एकेरी असल्यामुळे एक गाडी रखडली की समोरची क्रॉसिंगला थांबून राहते. पण बदल झाला तो या गाडीने. पूर्वी लोक वरून उतरून तळाशी कामाला जायचे, आता दरीच्या तोंडाशी असलेल्या शहरांत जातात आणि झोपायला परत येतात. सगळ्यांना हे जमलेलं नाही. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत या ब्लायनाय ग्वेंट जिल्ह्याची लोकसंख्या चार टक्क्यांनी घटून ६७ हजारांच्या आसपास आली.

आता ढिगाऱ्यांचं. वेल्समध्ये बंद खाणींच्या टाकाऊ दगडमातीचे अडीच हजारांहून जास्त ढीग आहेत आणि बहुतेक खासगी जमिनींवर. गवत उगवल्यामुळे नवख्याला ते डोंगरच वाटतात. १९६६ च्या २१ ऑक्टोबरला अ‍ॅबरफानला सात नंबरचा ढीग शाळेवर आणि घरांवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं होती. तो ढीग झऱ्यावरच रचला होता. आतलं पाणी बाहेर पडायला वाट नसली की पाण्याचा दाब दगडमातीच्या कणांना एकमेकांपासून सुटं करतो, आणि मग ढीग घसरत नाही, वाहतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्ट वादळाच्या पावसात आमच्या शेजारच्या दरीत कूमटिलरीला जुन्या ढिगाचा भाग खाली आला आणि चाळीसेक घरं रिकामी करावी लागली. खाण बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी!

ढीग तपासणारे आधी नाल्या बघतात. माथ्यावरचं पाणी अडवणारी चर पालापाचोळ्याने तुंबली, किंवा खालचा जुना पाइप दबला, की पुढचं सगळं सुरू होतं. मग माथ्यावर अर्धचंद्राकार भेगा आहेत का, पायथ्याला फुगवटा आलाय का, कोरड्या जागी नवा पाझर फुटलाय का, झाडं एका बाजूला कलली आहेत का, हे बघायचं. पाझरातून गढूळ पाणी येत असेल तर आतून बारीक माती वाहून चाललीय असं समजायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. अशा ढिगांसाठी वेल्सच्या संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. अ‍ॅबरफाननंतर तब्बल एकोणसाठ वर्षांनी. मला तरी ही दिरंगाई अक्षम्य वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पंप बंद झाले की खाण हळूहळू भरते. दगडातलं पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाण्याने आधीच कुजलेलं असतं. त्यातलं लोह विरघळतं आणि पाणी कुठल्या तरी जुन्या बोगद्याच्या तोंडातून बाहेर आलं की हवेने नारिंगी गाळ होऊन नदीच्या तळाशी बसतं. मासे त्या पाण्याने लगेच मरतीलच असं नाही, पण गाळाखाली त्यांचं खाणं मरतं. उपाय साधा असतो. पाणी पायऱ्यांवरून पाडून त्यात हवा मिसळायची, मोठ्या टाक्यांत संथ ठेवून गाळ बसू द्यायचा आणि शेवटी बोरूच्या वाफ्यांतून सोडायचं. मात्र ते पाणी कधी थांबत नाही, त्यामुळे गाळ उपसण्याचा खर्चही थांबत नाही.

घरांबद्दल थोडक्यात. भिंती दगडी, जाड, आतून पोकळी नसलेल्या आणि चुन्यात बांधलेल्या. त्यांवर कोणी सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत अडकते. मागची भिंत बहुधा डोंगरात गेलेली असते, म्हणून बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटीमीटर खाली उतरवायची, तिथे खडीची चर काढायची आणि दगडांमधल्या फटी पुन्हा चुन्यानेच भरायच्या. नुसता रंग मारून काही होत नाही. त्यात ऊन कमी: २१ डिसेंबरला दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो (तुमच्याकडे ४६ वर), आणि सकाळ-संध्याकाळ तो डोंगराआड. घर घेण्याआधी खाणकाम अहवाल मागवतात. त्यात खाली कुठली खाण होती, जवळ शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) आहे का, खचल्याचा दावा कधी झाला होता का, हे कळतं. कोळशाच्या जुन्या खाणीमुळे घर खचलं तर १९९१ च्या कायद्यानुसार सरकारी खाण प्राधिकरणाला दुरुस्ती करून द्यावी लागते किंवा तिचे पैसे द्यावे लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमराई वॉर्डात घर जमिनीत गेलं, तेव्हा तुम्हीच फोन केला होतात. म्हणून काका, जुन्या भूमिगत कामाचे नकाशे आज कुठे आहेत ते तुमच्या युनियनमधल्या लोकांना विचारायला सांगा. ती कागदं ऑफिस हलवताना हरवतात. आपल्याकडे २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामाशिवाय पैसे काढता न येणाऱ्या खात्यात) पैसे ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या खाणीच्या आराखड्यात तीन गोष्टी शोधा: खाण बंद झाल्यावर ओबीच्या नाल्या कोण साफ करणार, पाणी कुठल्या पातळीपर्यंत चढू देणार आणि हे किती वर्षं. वर्षांचा आकडा लहान दिसला तर तिथेच हरकत नोंदवा, आणि लेखी पोच घ्या.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. मुलांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या