बापूच्या डोळ्यांबद्दल

कुडाळ, रविवार

प्रिय शऱ्या,

तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. माझं बीपी ठीक, आईचे गुडघे होते तसेच. लिहितोय ते बापूसाठी.

दशावतार बघून परतताना बापू बांधावरून चिखलात गेला होता, आठवतं? मी ओरडलो, "नाटकां करतंस!" तू म्हणालास, "अरे, तेका खराच दिसणा नाय." त्यावरून आपण आठ दिवस बोललो नव्हतो. शऱ्या, तुझंच खरं होतं. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. आईने तेव्हा किती गाजरं चारली त्याला! पण जीवनसत्त्व अ कमी पडल्याचं ते रातांधळेपण नव्हतंच, दोष जनुकातला. आईबाबा आते-मामे भावंडं, म्हणून तो दोन्हीकडून आला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईला हे सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

पण झोप उडालीय ती पुढच्या गोष्टीने. पडद्यात अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडाकार पेशी १२ कोटींच्या आसपास. रंग आणि बारीक रेघा बघणाऱ्या शंकूच्या आकाराच्या साधारण ६० लाख. बापूचा दोष दंडपेशींत. शंकूपेशी धडधाकट, तरी मागाहून त्याही मरतात. उपासमारीने! पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांतून साखर येते, रंगद्रव्याचा थर ती पुढे पोचवतो, पण पेशीत शिरायला दार लागतं. दंडपेशी एक प्रथिन सोडतात, त्याने शंकूपेशींचं ते दार नीट उघडतं. पॅरिसच्या साहेल आणि लेव्हेयार या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये हे दाखवलं. दंडपेशी गेल्या की साखर दाराशी आणि पेशी उपाशी. आपल्या मेसच्या मावशी कपाटाची किल्ली कमरेला लावून गावाला गेल्या होत्या ना, तसं! तू लाडवांचा वास घेत कपाटाला टेकून झोपला होतास.

ते प्रथिन जनुकावाटे डोळ्यात पुरवायच्या चाचण्या आता माणसांवर सुरू झाल्यात. बापूला वेळेत मिळेल का, एवढंच मनात घोळतं. गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी अजून तोच करतो. कडेचं दिसत नाही, रंगाची वाटी हाताने चाचपतो, पण रेघ हलत नाही.

तनूचे दहावीचे मार्क कळले, शाबास म्हण तिला. नव्या जागेत पाणी येतं ना?

चतुर्थीला ये. त्या रात्रीबद्दल बापूची माफी मागायचीय, तेव्हा तू समोर हवास.

तुझा,
नाना